तीन एमबीच्या आत

नेई तेरेतिया अबाईआंगहून सकाळच्या लाँचने आली,
प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला फोन छातीशी धरून.
बेतिओच्या धक्क्यापासून माझं दुकान चौथं.
दुकान कसलं, एक पंखा, एक कॉम्प्युटर
आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेला विजेचा बोर्ड.

"हे पोराला धाडायचंय," म्हणाली.
पोरगा तोअकाई, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत,
सध्या अटलांटिकमध्ये कुठेतरी.
जहाजाच्या ईमेलचा नियम त्याने आधीच कळवलेला:
तीन एमबीच्या वर काही आलं
तर ते वाटेतच बुडतं.

व्हिडिओ चारशे अठरा एमबीचा.
मी हसलो.
ती हसली नाही.

व्हिडिओत तिचा नवरा. तेकाई.
कमरेला कोयता, गळ्यात दोरीने बांधलेली बाटली,
माडावर चढतोय माडी काढायला,
आणि चढता चढता गातोय, वर जाणारे सगळे गातात तसा,
म्हणजे खालच्यांना कळतं की माणूस अजून वर आहे.
"शेवटचं चढणं," ती म्हणाली.
"गुडघे नाही म्हणतात. उद्यापासून पुतण्या चढणार."

मी कामाला लागलो.
आधी चित्राची रुंदी निम्मी केली, मग निम्म्याची निम्मी.
झावळ्या हिरव्या चौकोनांच्या झाल्या.
मागचा समुद्र एका सपाट पट्टीत बसला,
जणू कुणी इस्त्री फिरवली.
बाटलीची दोरी गेली.
पाठीवरचा जुना व्रण गेला,
तो तिने मला बोटाने दाखवला होता.
एकवीस एमबी.

आवाजाला हात लावू का, विचारलं.
"समुद्राचा काढ," ती म्हणाली, "समुद्र त्याच्याकडे आहे."
पण समुद्र आणि गाणं एकाच तारेत गुंफलेलं,
एक ओढलं की दुसरंही येतं.
दोन्ही पातळ केले.
अकरा.

आता कापाकापीशिवाय गत्यंतर नव्हतं.
चढणं एक मिनिट दहा सेकंद,
वर बसून कोयता चालवणं पन्नास सेकंद,
उतरणं एक मिनिट चाळीस.
उतरताना तो गात नाही. मध्येच थांबतो.
एकदा तर इतका वेळ खोडाला कपाळ टेकून उभा
की मला वाटलं व्हिडिओच अडकला.
मी म्हटलं, आजी, हे उतरणं काढू या,
यात घडत काहीच नाही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी माऊसवरचा हात उचलला.
"चढताना त्याला अख्ख्या गावाने पाहिलंय," ती म्हणाली.
"उतरणं ठेव."

चढणं कापलं. वरचं बसणंही कापलं.
गाण्याची एकच ओळ उरली, तीही अर्धी.
दोन पॉइंट नऊ.

वीज दोनदा गेली. पाठवायला पाऊण तास लागला.
ती तोवर दुकानाच्या पायरीवर बसून
भरती कुठवर आली ते बघत होती.
पैसे विचारले. मी जो आकडा सांगितला तो निम्मा होता,
तिने वर एक सुका मासा ठेवला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं, माझ्याच पत्त्यावर.
अबाईआंगला जाणाऱ्या लाँचवाल्याकडे
मी ते कागदावर उतरवून दिलं, अक्षर सांभाळून:

"चेहरा दिसला नाही. सगळं चौकोन चौकोन.
पण डावा पाय आधी खाली टाकतो, ते दिसलं.
इथल्या शिडीवरून मीही तसाच उतरतो,
सगळे हसतात, मला कारण माहीत नव्हतं.
बाबाला सांग, थांबला तिथे मीही थांबलो."

तिचा फोन भरलेला होता, म्हणून
मूळचा व्हिडिओ ती माझ्याकडेच ठेवून गेली.
चारशे अठरा.
झावळ्या, दोरी, व्रण, संपूर्ण गाणं.
माझी डिस्क जुनी आहे, दर महिन्याला तक्रार करते,
जागा नाही, काहीतरी पुसा.
मी पुसतो.
दुसरं काहीतरी.